रुमालाखालचं बजेट

नेमूअण्णांनी मला पहिला चहा पाजला तो रुमालाखालून.

सांगलीच्या मार्केट यार्डासमोरच्या हॉटेलात आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझा मित्र दिनकर आणि समोर हळदीचे आडते नेमूअण्णा. हॉटेलवाला टेबलाशी आला. अण्णांनी खांद्यावरचा मोठा पांढरा रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खाली हात घालून त्याची दोन बोटं दाबली. हॉटेलवाला मान डोलवून गेला आणि दोन चहा, तीन कपांत करून घेऊन आला.

"तोंडानं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

अण्णांनी शेजारच्या टेबलाकडे डोळ्यानं खूण केली. तिथे एक निरुपद्रवी गृहस्थ भजी खात होते.

"त्येला कशाला कळाय पायजे, मी कुनाला किती पाजतोय?"

हळदीच्या पेठेत सौदे असे रुमालाखाली होतात, हे मला नंतर कळलं. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं धरून भाव ठरवतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पंजा धरला तर पाच. ते दहा, शंभर की हजार, हे बोटं सांगत नाहीत. माल समोर असतो आणि अंदाज दोघांनाही असतो, म्हणून चूक होत नाही. भोवती उभ्या असलेल्या वीस माणसांना मात्र काही म्हणजे काही कळत नाही. अण्णांनी ही रीत पेठेपुरती न ठेवता सगळ्या आयुष्याला लावली होती. न्हाव्याची हजामत असो की टांग्याचं भाडं, सगळं रुमालाखाली. त्या रुमालाला कायम हळदीचे डाग असत आणि ज्याच्याशी अण्णांचा व्यवहार झाला, त्याचा हात संध्याकाळपर्यंत पिवळा राही.

अशा माणसाच्या हाती आमच्या पिक्चरचा पैसा होता.

बहात्तरचा दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी आष्ट्याला शाळेत मास्तर होतो. दिनकर कोल्हापूरच्या स्टुडिओत दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून आला होता आणि आता त्याला स्वतःचा पिक्चर काढायचा होता. गोष्ट मी लिहिली होती. माणदेशातली एक म्हातारी आणि मुंबईला गेलेला तिचा मुलगा, एवढीच गोष्ट. लाखभरात बसवायची होती. त्यातले ऐंशी हजार नेमूअण्णा घालणार होते आणि उरलेले आम्ही दहा-बारा जणांनी पदरचे घालायचे होते. माझ्या पदरी काही नव्हतं, म्हणून बायकोच्या हातातल्या पाटल्या मोडल्या. पाच तोळे, अडीच हजार. बायकोनं पाटल्या काढून देताना एकच वाक्य म्हटलं, "परत यायला पाहिजेत." पुढे वर्षभर ती रोज माझ्याकडे बघायची, म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या खिशाकडे.

त्यामुळे नेमूअण्णांचा मला पहिल्या चहापासून संशय होता. जो माणूस चहासुद्धा लपवून सांगतो, तो पैसे काय उघड्यावर खर्च करणार?

आणि हळदीच्या आडत्याला पिक्चर कशाला काढायचा असतो, हेही मला कळेना. दिनकरला विचारलं, तर तो म्हणाला, "त्यांनी एवढंच विचारलं, की पेवात घातलेली हळद सात-आठ वर्षं टिकते, तुमचं पिक्चर किती टिकतं? मी म्हटलं, जपलं तर कायमचं. ते हो म्हणाले."

पेव म्हणजे जमिनीतलं खोल कोठार. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं आणि भाव येईपर्यंत हात लावायचा नाही. एकदा पेव उघडलं, की सगळा माल काढावाच लागतो. जगातल्या सगळ्या वस्तूंवर संशय घेणाऱ्या अण्णांचा विश्वास होता तो फक्त लिंपलेल्या पेवावर. बाकी कुठलीही बंद वस्तू दिसली, की ते म्हणायचे, "उगडून दावा."

बजेटाची पहिली बैठक अण्णांच्या दुकानात झाली. पोत्यांवर बसून मी गोष्ट वाचत होतो आणि अण्णा ती मालाची यादी ऐकावी तशी ऐकत होते.

"थांबा. पाऊस पडतोय म्हंता. पाऊस कोन देनार?"

दिनकर म्हणाला, "आगीचा बंब मागवावा लागेल."

"मानदेशात बंबाचं पानी जमिनीवर वतलं, तर लोक आपल्याला बडवतील. काढा पाऊस."

पाऊस गेला. पुढे वरात होती. घोडा निघाला, नवरदेव सायकलवर आला. दोनशे माणसांची गर्दी होती. अण्णा म्हणाले, दहिवडीच्या बाजाराच्या दिवशी जाऊ, गर्दी फुकट उभी असतीया. मग रात्रीचा प्रसंग आला.

"रात्री काय दिसतंय? सकाळी करा."

"अहो अण्णा, मुलगा रात्री गुपचूप घर सोडून जातो."

"गुपचूप दुपारी बी जाता येतंय. उनाचं कोन भाईर असतंय मानात?"

यामागे अण्णांचं आणखी एक कारण होतं. ते धर्मानं जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. मावळतीनंतर पाण्याचा घोटही नाही. त्यामुळे सगळं शूटिंग दिवसाउजेडी, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, हे कलम त्यांनी पहिल्याच पानावर घालून घेतलं. दिव्यांचं आणि जनरेटरचं भाडं वाचलं, म्हणून दिनकरनं आनंदानं मान्य केलं. मला मात्र वाटलं, सगळे एकाच वेळी जेवायला बसले, की ताटं मोजायला सोपी जातात, म्हणून हे कलम.

सगळ्यात मोठा वाद म्हातारीच्या नवऱ्यावरून झाला. तो माझ्या गोष्टीत सातव्या प्रसंगाला मरत होता.

"ह्यो तिसऱ्यालाच का मरत न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"तिसऱ्याला तो अजून आजारीसुद्धा पडलेला नाही."

"त्येच म्हंतो. आजारी पडाय पाच दिवस, मराय दोन दिवस. सात दिवसांचं जेवान. मास्तर, मानूस एकदम बी मरतंय की."

शेवटी तो म्हातारा पहिल्या प्रसंगाआधीच मेला आणि भिंतीवर त्याचा फोटो लागला. फोटोही अण्णांच्या दुकानातल्या दिवाणजींचा. दिवाणजी जिवंत होते, त्यांनी खूप कुरकुर केली. अण्णांनी त्यांचा हात रुमालाखाली घेतला. काय दाबलं कोण जाणे, दिवाणजी गप्प झाले. मी खिशातल्या डायरीत टिपून ठेवलं.

हो, मी डायरी ठेवत होतो. अण्णांची वही वेगळी आणि माझी डायरी वेगळी. कुणाचा हात कधी रुमालाखाली गेला, ते मी लिहीत होतो. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा डोळ्यासमोर पाटल्या होत्या.

शूटिंगला निघायच्या आधल्या दिवशी मुंबईहून कच्च्या फिल्मचे डबे आले. साठ डबे. एका डब्यात चारशे फूट, म्हणजे पडद्यावर साडेचार मिनिटं. आमच्या बजेटाचा जीव त्या डब्यांत होता. एक शॉट फार तर दोनदा घ्यायचा, तिसऱ्यांदा नाही, असा हिशोब घालून कॅमेरामन शिंद्यांनी तो आकडा काढला होता. डबे दुकानात उतरवून शिंदे आणि दिनकर जेवायला गेले. मी वहीत सही करत होतो, तेवढ्यात अण्णांनी एक डबा उचलला, कानाशी हलवला, त्याच्या कडेची चिकटपट्टी नखानं सोलली आणि झाकण काढलं. आत काळा कागद होता. तोही काढला. मग दारातल्या लख्ख उन्हात उभे राहून ते फिल्म बाहेर ओढत हातानं मोजायला लागले. एक हात, दोन हात, तीन हात.

मला स्वतःला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेठेत पोतं फोडून नमुना बघितल्याशिवाय कुणी माल घेत नाही. मी तर बाजूला उभा राहून हात मोजू लागलो. खरं सांगायचं, तर अण्णा एखादा हात कमी सांगतात की काय, यावर माझं लक्ष होतं.

शिंदे आणि दिनकर परत आले आणि शिंदे दारातच मटकन खाली बसले.

कच्च्या फिल्मला उजेड दिसला की ती वाया जाते, हे त्यांनी आम्हाला पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. अण्णा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आसं कसं? फोटो काढाय उजेड लागतोय न्हवं?"

"कॅमेऱ्यात लागतो, अण्णा. डब्यात नाही."

"मंजी उगडून बगायचंच न्हाई? मग आत माल हाय कशावरनं?"

"विश्वासावर," शिंदे म्हणाले.

या शब्दावर अण्णांनी शिंद्यांकडे असं बघितलं, की त्यांचं नाव संशयितांच्या यादीत सगळ्यात वर गेलं. अण्णांनी फिल्म गुंडाळली, डब्यात घातली, झाकण लावलं आणि चिकटपट्टी पुन्हा बसवली. "फेका तो," दिनकर म्हणाला. अण्णांनी फेकला नाही. इतर एकोणसाठांबरोबर तोही माणात आला, वर खडूनं फुली मारून.

दहिवडीजवळच्या एका गावात आम्ही वीस दिवसांसाठी उतरलो. पस्तीस माणसं. अण्णा फिल्मच्या डब्यांवर फळी टाकून त्यावर झोपत. दिनकरनं "परत घेऊ" म्हटलं, की ते कॅमेऱ्यापाशी येऊन उभे राहत. "पयल्यांदा घेतलंय की. त्यात काय वाईट हाय?" शिंद्यांचं आणि मुंबईच्या फिल्मवाल्याचं साटंलोटं आहे, अशी त्यांना खात्री होती. मेंढ्यांचा प्रसंग घेताना धनगरानं दोनशे मेंढ्या आणल्या म्हणून सांगितलं, तर अण्णांनी शूटिंग थांबवून मोजल्या. एकशे ब्याण्णव भरल्या. आठ मेंढ्यांचं भाडं ते कापून घेणार, एवढ्यात धनगर म्हणाला, "आवं, आठ त्या बुवाच्या मागं बसल्यात." बुवा म्हणजे आमचे शिंदे. कॅमेऱ्याच्या सावलीत खरंच आठ मेंढ्या बसल्या होत्या.

म्हातारीचं काम गोदाबाई करत होत्या. सत्तरीच्या. तरुणपणी फिरत्या नाटक कंपन्यांत गाणाऱ्या, आता सांगलीत एका खोलीत गोधड्या शिवून राहणाऱ्या. त्यांचे पैसे ठरले तेव्हा मी तिथे होतो. अण्णांनी रुमाल टाकला आणि दोघांचे हात बराच वेळ आत राहिले. एवढ्याशा कामाचा सौदा इतका लांबतो? बाहेर आले तेव्हा गोदाबाईंनी डोळे पुसले. अण्णांनी वहीत लिहिलं, गोदाबाई, पाचशे. मी डायरीत लिहिलं, कमी केले वाटतं, बाई रडल्या.

हे असं रोज चाललं होतं. आचाऱ्याचा हात एकाच आठवड्यात दोनदा रुमालाखाली गेला. मेकअपवाल्याचा तीनदा. वहीतला आकडा मात्र जिथल्या तिथे. माझा तर्क पक्का झाला होता. वहीत जास्त लिहायचं, रुमालाखाली कमी द्यायचं आणि मधला फरक खिशात घालायचा. दिनकरला सांगितलं, तर तो म्हणाला, "मास्तर, तुला अण्णा पंगतीत वाढतात ते दिसत नाही का?" आता पंगतीचं म्हणाल, तर तिथे अण्णा वेगळेच असायचे. कांदा-लसणाला स्वतः शिवत नसत, पण माणसांना भाकरीबरोबर लागतो म्हणून त्यांनी पोतंभर कांदा आणला होता. दिवस कलला, की रांगेत फिरून ते प्रत्येकाच्या ताटात डोकावत. सगळ्यांचं वाढून झालं, की रांगेच्या शेवटी बसत आणि फार हळूहळू जेवत. मी म्हटलं, हा सगळा देखावा.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी शेवटचा शॉट झाला आणि काम संपलं. एकोणसाठ डब्यांतला एकही उरला नाही आणि एकही कमी पडला नाही. बजेटापेक्षा एक दिवस आधी. दिनकर जमिनीवर आडवा पडून आकाशाकडे बघत होता. संध्याकाळची गाडी धरायची ठरली, म्हणजे एका दिवसाचं कॅमेऱ्याचं भाडं आणि पस्तीस माणसांचं जेवण वाचणार होतं.

मी डायरी घेऊन गोदाबाईंकडे गेलो. त्या खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग काढत बसल्या होत्या. म्हटलं, "बाई, खरं सांगा. अण्णांनी तुम्हाला किती दिले?"

"मास्तर, रुमालाखालचं तोंडानं सांगायचं नसतं."

"मला कळायला हवं. माझे पैसे आहेत यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझा हात ओढून घेतला, त्यावर आपला पदर टाकला आणि आत पंजा धरला. पाच. मी हात काढून घेणार, तोच त्यांनी पुन्हा तीन बोटं धरली.

"आठशे? वहीत तर पाचशे आहेत."

"अण्णाच मागनं म्हनले, वहीत पाचच लिवतो. मास्तर रोज वही बगतोय, आकडा फुगला तर त्येची झोप उडंल. बायकोच्या पाटल्या मोडल्यात म्हनं तुमी."

"मग वरचे तीनशे कुणाचे?"

"ते म्या इचारलं न्हाई. आन् मला सांगितलं म्हून त्यास्नी सांगू नगा. आचाऱ्याचं बी तसंच हाय. त्येची पोरगी दवाखान्यात हुती."

मी बाहेर आलो. डायरीत पंधरा-वीस पानं भरली होती, ती फाडून चुलीत टाकली. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

अण्णा बाभळीखाली एकटेच उभे होते. सामान भरणाऱ्या माणसांकडे बघत होते. मी जवळ गेलो. तेवढ्यात त्यांनीच खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि आत हात घातला. एकोणीस दिवसांत, किंबहुना ओळख झाल्यापासून, पहिल्यांदा. त्यांनी माझं एक बोट धरलं.

एक. एक काय? वरचे पैसे स्वतः भरून ते रिकामे झाले असणार आणि आता माझ्याकडे मागत असणार, हे उघड होतं. घरी काय सांगायचं, ते नंतर बघू, असं मनाशी ठरवून मी हळूच विचारलं, "हजार?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"शंभर?"

पुन्हा नाही. बोट तसंच धरलेलं.

"मग एक काय, अण्णा?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. ऐकायला कुणी नव्हतं. तरी आवाज खाली आणून म्हणाले, "दिवस."

मला कळेना.

"आजून येक दिवस ऱ्हाऊया. दिनकररावास्नी तुमी सांगा. माज्या तोंडनं बरं दिसत न्हाई. खर्च माजा."

"पण काम संपलंय. फिल्म संपलीय."

"येक डबा हाय की. फुलीचा."

"अण्णा, तो वाया गेलाय. त्यावर काही उमटणार नाही."

"ठावं हाय मला. म्याच घालवलाय तो." पंगतीच्या जागेकडे बघत ते म्हणाले, "सा वर्सं झाली, मंडळी गेल्यापास्नं घरात मी आन् ताट. पोरगा मुंबैला. दिस मावळायच्या आत जेवायला संगं कोन असतंय, मास्तर? लोक रातीला जेवत्यात."

बोट अजून त्यांनी सोडलं नव्हतं. एवढा वेळ कुणी कुणाचं बोट धरत नाही, सौद्यात तर नाहीच नाही.

दिनकरला मी काय सांगितलं, ते आठवत नाही. पण त्यानं कॅमेरा पुन्हा उतरवला. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना पस्तीस माणसांची पंगत बसली आणि शिंद्यांनी फुलीचा डबा कॅमेऱ्यात चढवला. तो वाया गेलेला आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळे नीट बसले. गोदाबाईंनी पदर सारखा केला. अण्णा वाढत होते, ताटात डोकावत होते आणि मग रांगेच्या शेवटी बसले. साडेचार मिनिटं कॅमेरा घरघरत होता. मधेच दिनकर सवयीनं "परत घेऊ" म्हणून गेला. "घ्या की परत," अण्णा म्हणाले. तोपर्यंत डबा संपला होता.

पिक्चर पुढे वर्षानं लागला. सांगलीत दोन आठवडे चालला, आष्ट्यात तंबूत चार दिवस. माझे अडीच हजार परत आले. सोन्याचा भाव मधल्या काळात चढला होता, त्यामुळे पाच तोळ्यांच्या पाटल्या चार तोळ्यांच्या झाल्या. बायको अजून त्या एका तोळ्याबद्दल विचारते.

फुलीचा डबा दिनकर मुंबईला धुवायला पाठवणार होता. म्हणाला, आतले काही फूट वाचलेही असतील. अण्णांनी डबा दिला नाही. तो त्यांच्या दुकानात हळदीच्या नमुन्यांच्या फळीवर ठेवलेला असे, कडेनं पक्की चिकटपट्टी लावून.

एकदा शाळेच्या कामासाठी सांगलीला गेलो होतो, तेव्हा दुकानात डोकावलो. दोन हमाल होते, एक गिऱ्हाईक होतं. मी डबा उचलून कानाशी हलवला.

"अण्णा, सगळं आयुष्य दुसऱ्याला म्हणत आलात, उघडून दावा. हा मुंबईला पाठवून का नाही उघडत? काय आहे ते तरी कळेल."

त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि रुमालानं पुसून परत फळीवर ठेवला.

"मिटलाय तवर पस्तीस मानसं जेवाय बसल्यात त्येच्यात. उगडून कशापायी उटवू त्यास्नी?"

बाहेर दिवस कलायला आला होता. मी निघालो. पायरी उतरतोय, तेवढ्यात अण्णांनी हाक मारली. मी सवयीनं हात पुढे केला. पण रुमाल त्यांच्या खांद्यावरच होता. हमालांना, गिऱ्हाइकाला आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मास्तर, जेवून जावा."